संशयाचा अधिकार

सैद्धांतिक पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास आपल्याकडील विद्यापीठांतून व संशोधनसंस्थांतून एक उपदेश न मागतां मिळतो. तो असा कीं, ‘आधीं गणित करावयास शीक, अर्थ मागाहून कळेल.’ विद्यार्थी बुद्धिमान् असून प्रश्न विचारीतच राहिला, तर या उपदेशास पुढें एक शेपूट जोडण्यांत येतें: ‘ज्यास एवढ्या शंका येतात त्यानें पीएच्. डी. च्या भरीस पडूं नये.’ हा उपदेश करणारे लोक बहुधा सज्जन असतात, विद्वान् तर असतातच. आणि त्यांतील कित्येकांनीं आपल्या तरुणपणीं याच शंका गिळून टाकिलेल्या असतात. तथापि सज्जनांनीं वारंवार उच्चारिल्यानें एखादें मत खरें ठरत नाहीं. आमच्या मतें या उपदेशाचा पूर्वार्ध अर्धाच खरा आहे, आणि उत्तरार्ध तर सर्वस्वीं खोटा आहे. विषयाच्या मूळ कल्पनांविषयीं ज्यास शंका येतात तो डॉक्टरेटच्या अभ्यासास अपात्र ठरत नाहीं. त्या शंका हेंच त्याचें भांडवल होय. मात्र तें भांडवल कामास लावण्याची तयारी त्याच्यापाशीं असली पाहिजे. एवढेंच दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही शंका असते तरी काय, तें पाहूं. एम्. एस्सी. च्या वर्गांत पुंजयामिकी, म्हणजे ज्यास विद्यार्थी क्वांटम मेकॅनिक्स या नांवानेंच ओळखतात तें शास्त्र, शिकवितांना दोन नियम सांगितले जातात. पहिला श्रोडिंजरच्या समीकरणाचा: अणूची अवस्था काळाबरोबर अखंडपणें व निश्चित रीतीनें बदलत जाते, आणि दोन अवस्था शक्य असतील तर त्यांची बेरीज हीही एक शक्य अवस्थाच असते. दुसरा मापनाचा: मापन केलें कीं ती बेरीज एकाएकीं मोडते, व तींतील एकच पर्याय संभाव्यतेच्या हिशेबानें हातीं लागतो. स्टर्न व गेरलाख यांनीं इ. स. १९२२ मध्यें चांदीचे अणू विषम चुंबकक्षेत्रांतून सोडले, तेव्हां ते समोरच्या कांचेवर दोन वेगळ्या ठिकाणीं जाऊन बसले. एकेक अणू वर पडतो किंवा खालीं पडतो. अर्धा वर आणि अर्धा खालीं असा कधींच पडत नाहीं. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु जागा असलेला विद्यार्थी विचारतो: ती कांच, तो चुंबक, तो पाहणारा डोळा हींही अणूंचींच बनलेलीं आहेत ना? मग पहिला नियम त्यांना कां लागू नये? आणि तो लागला तर कांचही ‘वर डाग’ व ‘खालीं डाग’ यांच्या बेरजेंत सांपडली पाहिजे. पहिल्या नियमाचें राज्य कोठें संपतें आणि दुसऱ्याचें कोठें सुरू होतें? मापन म्हणजे नक्की काय? या प्रश्नास क्रमिक पुस्तकांत बहुधा उत्तर नसतें. प्रकरणाच्या शेवटीं सोडविण्यासाठीं उदाहरणें असतात. हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मंद आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, समीकरण ज्यांच्या नांवानें चालतें त्या श्रोडिंजरसाहेबांनींच इ. स. १९३५ मध्यें पेटींतील मांजराचा दृष्टांत देऊन हाच प्रश्न जगापुढें ठेविला होता.

पूर्वपक्षावर अन्याय करण्याची आमची इच्छा नाहीं, म्हणून त्याचें बळ कोठें आहे तेंही सांगतों. ज्या शास्त्राचा अर्थ लागत नाहीं म्हणून विद्यार्थी हळहळतो, त्याच शास्त्रानें १९४७ सालीं ट्रान्झिस्टर दिला आणि १९६० सालीं लेसर दिला. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाचें गणित आणि प्रयोग हे दशांशचिन्हापुढें दहाहून अधिक अंकांपर्यंत जुळतात. अर्थ समजेपर्यंत थांबूं, असें म्हणून सर्वजण हात बांधून बसले असते तर यांतील कांहींही झालें नसतें. शिवाय, ज्यानें हायड्रोजनचा अणू एकदां तरी स्वतःच्या हातानें सोडविलेला नाहीं, त्याच्या शंकेस फारसें वजन नसतें, हेंही आम्हांस मान्य आहे. ‘तोंड मिटून आकडेमोड करा’ या अर्थाचें जें सूत्र आतां जगभर फिरतें, तें पुष्कळ लोक फाइनमन यांच्या नांवावर खपवितात, वस्तुतः इ. स. १९८९ मध्यें डेव्हिड मर्मिन यांनीं तें लिहिलें, आणि तेंही गुरुमंत्र म्हणून नव्हे, तर प्रचलित वृत्तीचें वर्णन म्हणून. वर्णनाचा उपदेश कसा झाला, आणि उपदेशाचा दंडक कसा झाला, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

या दंडकाचा इतिहास त्याच्या कैवाऱ्यांनीं नीट वाचलेला दिसत नाहीं. इ. स. १९३२ मध्यें फॉन नॉयमान या थोर गणितज्ञांनीं आपल्या ग्रंथांत एक सिद्धता दिली. पुंजयामिकीच्या संभाव्यतेमागें कोणतीही गुप्त पण निश्चित राशी दडलेली असणें शक्य नाहीं, असें त्या सिद्धतेवरून सर्वांनीं मानून घेतलें. तीन वर्षांनीं, १९३५ मध्यें, एमी नोदर यांच्या शिष्या ग्रेटे हेरमान यांनीं त्या सिद्धतेंत एक गृहीतक विनाकारण घुसडलेलें आहे हें दाखवून दिलें. त्यांच्याकडे जवळजवळ कोणींच लक्ष दिलें नाहीं. मोठ्या माणसाची सिद्धता आहे, ती बरोबरच असणार, अशा समजुतींत तीस वर्षें गेलीं! पुढें जॉन बेल या आयरिश शास्त्रज्ञांनीं तोच दोष स्वतंत्रपणें शोधून काढिला. जिनीव्हा येथील सर्न संस्थेंत त्यांचें नेमलेलें काम निराळें होतें; या मूलभूत प्रश्नांचा विचार ते फावल्या वेळीं करीत. त्यांतूनच १९६४ सालीं त्यांची सुप्रसिद्ध असमता जन्मास आली. दूर दूर असलेल्या दोन कणांवरील मापनांचा परस्परसंबंध अमुक मर्यादेच्या आंत राहिला पाहिजे, कारण एका ठिकाणच्या कृतीचा परिणाम दुसऱ्या ठिकाणीं तत्क्षणीं होत नाहीं, असें साधी बुद्धि सांगते. पुंजयामिकी सांगते कीं ती मर्यादा ओलांडली जाईल. ज्या वादास लोक ‘तत्त्वज्ञान’ म्हणून नाक मुरडीत होते, तो वाद बेल यांनीं प्रयोगशाळेच्या टेबलावर आणून ठेविला.

आतां त्या टेबलाशीं कोण उभें राहिलें, तें पाहावें. जॉन क्लाउझर हे कोलंबिया विद्यापीठांतील विद्यार्थी. प्रगत पुंजयामिकीच्या वर्गांत हवी ती श्रेणी मिळविण्यासाठीं त्यांना तो अभ्यासक्रम तीन वेळां करावा लागला. आमच्याकडील एखाद्या समितीपुढें ही गुणपत्रिका आली असती, तर तिनें काय निर्णय दिला असता हें सांगावयास नको. याच क्लाउझर यांनीं १९७२ सालीं बर्कले येथें स्टुअर्ट फ्रीडमन यांच्यासह बेलच्या असमतेची पहिली कसोटी घेतली. आणि फ्रीडमन यांची तर ती पीएच्. डी. चीच कामगिरी होती. निसर्गानें कौल पुंजयामिकीच्या बाजूनें दिला. पुढें १९८२ मध्यें फ्रान्सांत आलें आस्पे यांनीं अधिक कडक प्रयोग केला, तोही डॉक्टरेटच्या कामाचाच भाग म्हणून. हा प्रयोग करण्याचा विचार घेऊन आस्पे बेल यांना भेटावयास गेले, तेव्हां बेल यांनीं पहिली चौकशी केली ती कायमची नोकरी आहे कीं नाहीं याची! ज्यानें प्रश्न निर्माण केला त्यालाही ठाऊक होतें कीं, हा प्रश्न विचारणें पोटाच्या दृष्टीनें धोक्याचें आहे. क्लाउझर यांना तर विद्यापीठांत कायमची प्राध्यापकी कधींच लाभली नाहीं. क्लाउझर, आस्पे आणि झाइलिंगर यांना इ. स. २०२२ चें नोबेल पारितोषिक मिळालें, हा या कथेचा शेवट सर्वांस माहीत आहे; मधलीं पन्नास वर्षें मात्र सोयीस्करपणें विसरलीं जातात. एप्रिल २०२३ मध्यें आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळानें राष्ट्रीय क्वांटम अभियानासाठीं सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. गुप्त संदेशवहनाच्या ज्या विद्येसाठीं त्यांतील कांहीं पैसा खर्च होणार आहे, तिचें मूळ याच ‘निरुपयोगी’ शंकेंत आहे. फळास कोट्यवधि रुपये आणि बीजास उपहास, हा कोणत्या शेतकीचा नियम?

कोणी म्हणेल कीं, क्लाउझर चिवट होते म्हणून तरले. खऱ्या गुणास कोणी दडपूं शकत नाहीं. हा युक्तिवाद आम्हांस निर्दय वाटतो, आणि तो खोटाही आहे. प्रिन्स्टन येथें ह्यू एव्हरेट या विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधांत तोच मापनाचा प्रश्न हातीं घेतला. मापनाच्या वेळीं बेरीज मोडतच नाहीं, पाहणाराही तिच्यांतच सामील होतो, असें मानून पाहिलें तर काय निष्पन्न होतें, हें त्यानें गणितानें मांडिलें. तें उत्तर खरें कीं खोटें याविषयीं आजही एकमत नाहीं. परंतु तें उत्तर होतें, उडवाउडवी नव्हती. त्याचे मार्गदर्शक व्हीलर यांना नील्स बोर यांची संमति हवी होती, आणि ती मिळेना. अखेर प्रबंधाची मोठी काटछाट होऊन १९५७ मध्यें त्यास पदवी मिळाली. मूळचा विस्तृत प्रबंध छापून निघण्यास १९७३ साल उजाडलें. तोंपर्यंत एव्हरेट अमेरिकेच्या युद्धखात्याच्या हिशेबांत कधींच गुंतून गेला होता. संशोधनाच्या व्यवसायांत तो परतला नाहीं. ज्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत ते तरलेले होत. बुडालेल्यांची यादी कोणीं केली आहे?

आतां आपल्या देशाकडे वळूं. कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांना सापेक्षतावादांत एक शंका छळीत होती. विश्वाच्या आरंभीं घनता अनंत होते असें जें गणितांत निघतें, तें खरोखर निसर्गाचें लक्षण आहे, कीं विश्व सर्वत्र व सर्व दिशांनीं सारखें आहे या आपल्या सोयीच्या गृहीतकाचा तो परिणाम आहे? ज्या संस्थेंत ते नोकरीस होते तेथें त्यांना धातूंच्या गुणधर्मांवर काम करण्यास सांगण्यांत आलें होतें. तें करून उरलेल्या वेळांत त्यांनीं आपल्या शंकेचा पाठपुरावा केला, आणि १९५५ सालीं आज जगभर त्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें समीकरण प्रसिद्ध झालें. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, विश्वास परिवलन नसेल तर तें गृहीतक काढून टाकिलें तरी अनंताची आपत्ति टळत नाहीं, असें त्या समीकरणानें दाखविलें. शंकेचा निकाल शंकेच्या विरुद्ध लागला, तरी शंका सार्थकी लागली. पेनरोज आणि हॉकिंग यांच्या पुढील सिद्धांतांचा तें समीकरण एक आधारस्तंभ ठरलें. डी. एस्सी. ची पदवी रायचौधुरींना मिळाली ती या समीकरणानंतर.

आणि कोल्हापुरांत जन्मलेले आपले जयंत नारळीकर? केंब्रिजमध्यें संशोधनाचा पहिलाच काळ चालला असतां, इ. स. १९६१ च्या आरंभीं, रेडिओ-ज्योतिषांतील दिग्गज मार्टिन राइल यांच्या निष्कर्षाविरुद्धची बाजू लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढें मांडण्याचें काम त्यांचे गुरु फ्रेड हॉइल यांनीं त्यांच्यावर सोंपविलें. हॉइल यांचा स्थिरस्थिति-सिद्धांत पुढें बहुमतास पटला नाहीं, हें खरें. १९६५ मध्यें विश्वांतील सूक्ष्मतरंग-प्रारण सांपडल्यावर पारडें दुसऱ्या बाजूस झुकलें. परंतु त्यामुळें त्या गुरूची थोरवी कमी होत नाहीं. बावीस-तेवीस वर्षांच्या शिष्यास ‘तूं अजून लहान आहेस’ असें न म्हणतां त्यानें त्याच्या हातीं आकडे दिले आणि त्यास सभेंत उभें केलें. नारळीकरही २०२५ सालीं निधन पावेपर्यंत बहुमताच्या विरुद्ध बोलत राहिले, पण समीकरणें मांडून बोलत राहिले. आणि त्यांनीं १९८८ मध्यें पुण्यास उभारलेल्या आयुका संस्थेंत महास्फोट मानणाऱ्यांनाही तितकाच वाव होता. मतभेद आणि विद्या यांचा संसार एका घरांत होऊं शकतो, याचें याहून जवळचें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

येथवर आम्हीं संशयाची बाजू घेतली. आतां त्याच्या नकली भावंडाचा समाचार घेणें प्राप्त आहे. ‘संशय’ या शब्दास आपल्याकडे गीतेच्या एका वचनामुळें अपशकुनाची छटा आली आहे. परंतु ज्या न्यायशास्त्रानें या देशास विचार करण्यास शिकविलें, त्याच्या सोळा पदार्थांत प्रमाण व प्रमेय यांच्या मागोमाग तिसरें स्थान संशयाचें आहे. पुढें तर्क येतो आणि त्याच्या लगोलग निर्णय. म्हणजे संशय ही निर्णयाकडे जाणाऱ्या वाटेवरची पायरी होय. त्याच यादींत खालीं एक पदार्थ आहे, वितंडा: स्वतःचा पक्ष कांहींच नाहीं, दुसऱ्याचा मोडावयाचा एवढेंच काम. जो विद्यार्थी चार लोकप्रिय पुस्तकें वाचून ‘पुंजयामिकी चुकीची आहे’ असें सांगत फिरतो, आणि दोन ओळींचें समाकलन करण्याची वेळ आली कीं ज्याचें डोकें दुखूं लागतें, तो वितंडवादी होय. तसेच, श्रोडिंजर यांनीं वेदांत वाचला होता या एवढ्याच भांडवलावर, अणूच्या प्रत्येक कोड्याचें उत्तर आमच्या पोथ्यांत आधींच लिहून ठेविलें आहे असें सभांतून सांगणारे लोकही त्याच जातीचे. श्रोडिंजर यांनीं वेदांत वाचला होता. परंतु समीकरण त्यांनीं गणितानेंच लिहिलें. विद्यार्थ्याच्या प्रामाणिक शंकेस या मंडळींनीं जेवढी अप्रतिष्ठा आणिली आहे, तेवढी ‘तोंड मिटा’ म्हणणाऱ्यांनींही आणिली नसेल.

संशय आणि वितंडा यांतील भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे: शंका काम मागते काय? इ. स. १९३० च्या सुमारास विद्युत्-पुंजयामिकींत अशी अडचण आली कीं, बारकाईनें गणित करूं जावें तों उत्तर अनंत निघे. त्या अनंतांची वजाबाकी करण्याची रीनॉर्मलायझेशन नांवाची युक्ति निघाली. टोमोनागा, श्विंगर व फाइनमन यांना तिच्या बळावर १९६५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ही कसली वजाबाकी, असें ज्यास वाटलें नाहीं तो विद्यार्थी विरळा! डिराक यांनाही ती शेवटपर्यंत पटली नाहीं. केनेथ विल्सन यांनीं मात्र ती अस्वस्थता कामास जुंपली. कॉर्नेल विद्यापीठांत कित्येक वर्षें त्यांनीं फारच थोडे निबंध प्रसिद्ध केले. १९७१ मध्यें त्यांचें उत्तर बाहेर पडलें. आपला सिद्धांत कितीही सूक्ष्म अंतरापर्यंत खरा आहे असें आपण धरून चालतों, म्हणून अनंत उद्भवतात. प्रत्येक अंतराच्या पायरीवर सृष्टीचें वर्णन निराळें असतें आणि एका पायरीवरून दुसरीवर जाण्याचे नियम काढतां येतात, असें त्यांनीं दाखविलें. चुंबकाचें चुंबकत्व ज्या तापमानास नाहींसें होतें तेथील जुनें कोडेंही त्याच किल्लीनें उघडलें. आज निबंधांची संख्या मोजून माणूस पारखणाऱ्या आमच्या निवडसमित्यांपुढें विल्सन आले असते, तर त्यांना पहिल्याच फेरींत घरीं जावें लागलें असतें.

आतां राहिला विद्यार्थ्याच्या मनांतील दुसरा प्रश्न: हा अभ्यास पुढें चालवावा कीं सोडावा? येथें तीन निरनिराळ्या शंका एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि त्या सोडवून घेतल्यावांचून उत्तर मिळत नाहीं. ‘मला हें समजत नाहीं’ ही पहिली. ‘मी या विद्येस लायक नाहीं’ ही दुसरी. ‘यावर माझें पोट चालेल काय’ ही तिसरी. पहिलीवर औषध काम. दुसरीवर औषध म्हणजे क्लाउझर यांच्या तीन फेऱ्या आठवणें. कारण न समजण्याची जाणीव आणि समजण्याची अक्षमता या दोन गोष्टी एक नव्हेत, किंबहुना ज्यास सर्व समजलें असें वाटतें त्याच्याविषयींच काळजी करावी. तिसरी शंका मात्र अगदीं खरी असूं शकते. शिष्यवृत्ति २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, पुढें ४२,००० रुपये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें मुदत किमान तीन व साधारणतः कमाल सहा वर्षें. आणि त्यानंतर परदेशांत दोन-दोन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुका, इकडे मोजक्या जागा. घरीं म्हातारे आईबाप असतां कोणी या हिशेबानें अभ्यास सोडला, तर तो पळपुटा नव्हे. परंतु होतें असें कीं, पोटासाठीं सोडणाऱ्यासही चार लोकांत ‘शंकेखोर होता, झेपलें नाहीं’ असा शिक्का मिळतो, आणि शंका असलेल्यास पोटाची भीति घालून गप्प बसविलें जातें. ही गफलत जाणूनबुजून कोणी करीत नसेल. पण तिचा फायदा आळशी अध्यापकास होतो, आणि भुर्दंड विद्यार्थ्यास पडतो.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. पीएच्. डी. च्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमांत श्रोडिंजर यांचा १९३५ चा निबंध, बेल यांचा १९६४ चा निबंध असे मूळ लेख वाचून त्यांवर वाद करण्याचा एक तास असावा. प्रबंधापूर्वीं निबंध छापलाच पाहिजे ही सक्ति आयोगाच्या २०२२ च्या नियमांतून गेली आहे. ती संस्थांनीं आपल्या मनांतूनही घालवावी. त्याच नियमांनीं एम्. फिल्. ही पदवी बंद झाल्यामुळें मध्येंच निघणाऱ्यास मानानें बाहेर पडण्याचें जें एक दार होतें तें बुजलें; त्याच्या जागीं दुसरें दार काढावें, आणि प्रवेशाच्या दिवशींच नोकऱ्यांची खरी स्थिति विद्यार्थ्यास सांगावी. शेवटची मागणी मार्गदर्शकांपाशीं आहे, आणि तिला पैसा लागत नाहीं. शिष्यानें मापन म्हणजे काय असें विचारलें असतां ‘मला ठाऊक नाहीं, यांतील कोणता भाग तुला गणितानें धरतां येईल तें पुढच्या आठवड्यांत मांडून आण’ एवढें त्यांनीं म्हणावें. या वाक्याच्या पूर्वार्धानें गुरूचा मान कमी होत नाहीं, आणि उत्तरार्धानें शिष्यास वितंडेची सोय उरत नाहीं. ज्यास हें वाक्य म्हणवत नाहीं त्यानें वाटल्यास विद्यार्थ्यांस गणित शिकवावें. त्यांच्या पात्रतेचा निवाडा करण्याच्या भरीस मात्र पडूं नये.